लाल म्हणजे बंद

मोबाईलवर 'आत्ता घ्या, पैसे नंतर द्या' वापरता ना तुम्ही? मग आमच्या सॅम्युअलचं ऐका. नागापूरच्या कारखान्यात आम्ही दोघं प्रेस मशीनवर असतो. मिक्सर घेताना त्याच्या मोबाईलवर ही उधारीची सोय चालू झाली होती, ती त्याला बंद करायची होती. चहाच्या सुट्टीत त्यानं ॲप उघडलं. समोर भलंमोठं लाल बटण. न वाचताच दाबलं. लाल म्हणजे बंद, हे आमच्या हाताला पाठ असतं. मशीनपुढं वाचत बसलं तर बोटं जातात.

लगेच मेसेज आला : 'अभिनंदन! तुमची उधारीची मर्यादा दुप्पट झाली.'

सॅम्युअल उडालाच. त्यानं तिथंच ॲपवाल्यांना फोन लावला, स्पीकरवर.

"ताई, मी लाल दाबलं हाय."

"सर, लाल म्हणजे 'चालू ठेवा'."

"मग बंदचं कुठंय?"

"खाली, बारीक करड्या अक्षरांत."

"चुकून उलटं लागलं का काय?"

ती हळू आवाजात म्हणाली, "माझं नाव सांगू नका सर, पण मुद्दाम ठेवलंय. त्यानं लोक सोडून जात नाहीत."

सॅम्युअल आपल्या डाव्या हाताकडं बघत होता. त्यात एक बोट अर्धंच आहे. मागं एका वायरमननं बटणांच्या वायरी उलट्या जोडल्या, अन् यानं लाल दाबल्यावर मशीन चालू झालं होतं.

"ताई," तो म्हणाला, "त्यो वायरमन दवाखान्यात माझे पाय धरून रडला हुता. तुमच्याकडं कोन रडतं?"