दुसऱ्याची पुडी

(दारव्हा, १९६३. बाजाराच्या दिवसाची दुपार. डॉ. अब्दुल गनींच्या दवाखान्यामागची खोली. समोर खैरडोहच्या सरकारी दवाखान्यातले तरुण डॉक्टर बळीराम बसले आहेत. गनींची बायको हुस्नाबी चहा घेऊन आली आहे.)

गनी : वाच ना मोठ्यानं. तुनंच लिहिलेलं हाय, तुले काय अडचन?

बळीराम : राहू द्या ना चाचा.

गनी : माह्या डोळ्यात मोतीबिंदू उतरून राह्यला. हुस्नाबीले वाचता येत नाई. मंग कोन वाचन?

बळीराम : 'रुग्ण उकंडा याच्या पोटदुखीबाबत मी दारव्ह्याचे डॉक्टर अब्दुल गनी यांचा सल्ला घेतला. सकाळपर्यंत थांबण्यास हरकत नाही, असे त्यांनी सांगितले. त्यानुसार रुग्णास दुसऱ्या दिवशीच्या मोटारीने यवतमाळला रवाना केले.'

गनी : आन् तो रस्त्यातच गेला. तेवढं लिहाचं राह्यलं.

बळीराम : ते खाली आहे.

गनी : असन. सिव्हिल सर्जननं याची नक्कल मले धाडली. खुलासा मांगतला. पेशंट न पाहता सल्ला कसा देल्ला म्हनते. बरोबर इचारलं त्यायनं.

हुस्नाबी : चहा घे बळीराम. भीऊ नको, चहात काई टाकलं नाई.

बळीराम : चाची, मी काही खोटं लिहिलं नाही. चाचांनी सांगितलं होतं. इथंच, ह्याच खोलीत.

हुस्नाबी : इथंच सांगतलं, म्हनूनच तं म्हनतो. तीस वर्ष झाले, दर बाजाराले मी चहा टाकून राह्यली. दिग्रसचा डाक्टर येते, नेरचा येते, वैद्यबुवा बी येते. कोनाचा ताप उतरत नाई, कोनाची बाई अडली. सारे बोलते, चहा पेते, जाते. आजपावतर यातलं एक अक्षर कोनी कागदावर नाई घातलं.

बळीराम : आज कोणी दिसत नाही.

हुस्नाबी : कसे दिसतीन? मागच्या बाजारालेबी नाई आले. तुह्या कागदाची खबर साऱ्याइले लागली. आता ज्याचा पेशंट त्याच्यापाशी, मरो का जगो.

गनी : बस कर व. त्याले बोलू दे.

बळीराम : माझ्याकडे दुसरा रस्ता नव्हता. उकंडाच्या भावानं, डोमाजीनं, कलेक्टरकडे अर्ज केला. 'ह्या डॉक्टरनं माझा भाऊ मारला.' आमच्या वस्तीतून शिकून डॉक्टर झालेला मी पहिला. पहिल्याच वर्षी नाव खराब झालं, तर गाव काय म्हणेल? यांना खुर्चीवर बसवलं की असंच होणार, असं म्हणेल. माझ्या मागच्या पोरांना कोण उभं करेल, चाचा?

गनी : खरं हाय तुहं. मीबी ते पाह्यलं हाय. मी जुना एलएमपी, लहान डिग्रीवाला, तू एमबीबीएस. कोनी बुडालाच तं मी बुडावा, असं तुले वाटलं.

बळीराम : असं नाही.

गनी : असंच. मले राग नाई आला त्याचा. मले दुसरं सांग. त्या दिवशी तू इथं बसून काय म्हनला? 'उजव्या कुशीत दुखते, थोडा ताप हाय, दोन उलट्या झाल्या.' मी म्हनलो, आतड्याचं शेपूट सुजलं असन, ऑपरेशन लागन. तोंडानं काई देऊ नको, पेनिसिलिन दे, सकाळी यवतमाळले पाठव. झालं का हेच?

बळीराम : हो जी.

गनी : आनखी काई सांगतलं होतं?

बळीराम : नाही.

गनी : आनखी काई सांगासारखं होतं?

बळीराम : चाची, चहा घेतो मी.

हुस्नाबी : मी सांगतो. उकंडाची बायको, नलू, येऊन गेली इथं. परवा. कडेवर लेकरू. यायले म्हने, डाक्टरसाहेब, सकाळपर्यंत थांबा असं खरंच सांगतलं होतं का तुमी? आन् हे काय म्हनले मालूम? 'हो माय, मीच सांगतलं.' ते रडली. मी तिले अंदर नेलं, भाकर देली. तवा ते बोलली. पहिल्या दिवशी तुनं पुडी देल्ली म्हने. ते घेऊन उकंडा सात खेप वावरात गेला, आन् आठव्या खेपेले पोट धरून बसला.

बळीराम : हे तिनं अधिकाऱ्यांना सांगितलं?

हुस्नाबी : तिले कोनी इचारलं तं सांगन ना. बाईमानसाले कोन इचारते?

गनी : जुलाब होता?

बळीराम : हो.

गनी : सुजल्या आतड्यावर जुलाब. फुटलं ते. तू इथं चहा पेत होता, तवाच फुटलं असन. हे मले सांगतलं असतं तं मी म्हनलो असतो, सकाळ नको, आत्ता जिनिंगवाल्याचा ट्रक मांग, मीबी येतो संगं. एक रात आधी पोचला असता.

बळीराम : वाचला असता?

गनी : अल्ला जाने. वाचला असता असं म्हनू तं तुले जगनं मुश्कील. नसता वाचला म्हनू तं ते झूठ. पन तुले एवढं शिकवलं नागपुरात, पोट दाबून न पाहता जुलाब कसा देल्ला तुनं?

बळीराम : दाबूच दिलं नाही.

गनी : कोनं?

बळीराम : डोमाजीनं. उकंडाले घेऊन आला, पायरीवरच उभा राह्यला. 'हात लावाचं काम नाई. तीन दिवसांपासून शौचाले झाली नाई, औषध दे.' दहा मानसं पाहून राह्यले होते. मले म्हनता आलं असतं, तपासल्याबिगर औषध भेटत नाई. नाई म्हनलो. माह्या अंगाची आग आग झाली, चाचा. म्हनलं, घे तुही पुडी आन् नीघ. दुरूनच टाकली त्याच्या धोतरावर. दुसऱ्या दिवशी उकंडा आडवाच झालता, तवा मले हात लावू देल्ला. बोट टेकवलं आन् समजलो.

गनी : आन् मंग इथं आला.

बळीराम : पळतच आलतो. बसलो, तं दिग्रसचे साहेब होते, वैद्यबुवा होते. त्याइच्यासमोर कसं सांगू का एका मानसानं मले शिवू देल्लं नाई? रोगाचं सांगतलं. आपलं नाई सांगतलं.

हुस्नाबी : या अल्ला.

गनी : बापा रे. मीबी नाई इचारलं ना. मनात आलतं. आमचा इथला कायदाच तसा, दुसऱ्यानं कोनती पुडी देल्ली ते इचाराचं नाई. त्याची इज्जत राह्यली पाह्यजे. म्हनलं, पोरगा शिकलेला हाय, मी म्हातारा त्याले मास्तरासारखा काहून इचारू? त्या इज्जतीपायी उकंडा गेला. तुही अर्धी, माही अर्धी.

बळीराम : मी दुसरा जबाब लिहितो. जुलाबाचं, सारं.

गनी : डोमाजीचंबी लिहिजो.

बळीराम : ते लिहिलं तं लोक म्हनतीन, बहाना करून राह्यला.

गनी : म्हनतीन. तरी लिही. खरं हाय म्हनून लिही. मीबी माह्या खुलाशात लिहितो, न पाहता बोललो आन् इचाराचं ते इचारलं नाई. नोकरीचं काय होईन ते मले सांगता येत नाई. जाईनबी. झूठी आस देत नाई तुले.

हुस्नाबी : आन् नलूचं?

बळीराम : तिच्या घरी मी सोता जातो.

हुस्नाबी : डोमाजी उभा करन का?

बळीराम : नाई करन. अंगनात उभा राहून सांगतो.

गनी : जाय मंग. मोटारीची येळ झाली तुही.

बळीराम : चाचा, मी ह्या कागदासाठी आलो नव्हतो. मले वाटलं, तुमी दारातूनच हाकलून द्यान.

गनी : मंग कायले आलता?

बळीराम : एक बाळंतीण आहे. कांताबाई. सहावा दिवस. थंडी वाजून ताप येते, ओटीपोट दुखते. तीन दिवस झाले, इचारायले कोनी नाई. नेरच्या साहेबांकडे गेलतो, ते म्हनले, लेखी द्या, लेखी उत्तर देतो.

गनी : बस खाली. काय देल्लं तिले आतापर्यंत?

बळीराम : पेनिसिलिन. पन त्याच्या पहिलेचं सांगतो. मी पोचलो तवा सुईणीनं वार पुरून टाकली होती. पूर्ण पडली, आत काई राह्यलं नाई, असं मी रजिस्टरात लिहिलं. मी ते पाह्यलीच नव्हती, चाचा.