बेडूक, कोबी आणि निळ्या झाकणाचा डबा

हॅलो?

ताई! अभिनंदन! आत थेंबभरसुद्धा पाणी शिरलं नाही!…

कशाच्या आत?… कशाच्याच नाही. मी कुठे काय म्हणालो? मी फक्त 'हॅलो' म्हणालो… हो, एवढंच. बोल ना.

दाराबाहेर उभी आहेस? मग आत जा की… अच्छा, किल्ली विसरलीस. दाजी?… हां, ते उद्या येणार. मग कुंडीखालची जादा किल्ली घे… नाहीये? नीट बघ, कोरफडीच्या… अगं, ओरडू नकोस. मी दुकानात आहे, समोर गिऱ्हाईक बसलंय, चष्म्याचा नंबर काढतोय. काका, हनुवटी तशीच टेकवून ठेवा, मशीनमधून हलू नका… तुला नाही गं. तुझी हनुवटी तुझ्यापाशीच असू दे.

हो, हो… पितळी बेडूक लावलेली किल्ली. माहितीये, हरवू नये म्हणूनच तू… ताई. एक मिनिट. तो बेडूक चांगला जड होता ना गं?… काही नाही, सहज विचारलं.

घाबरलोय कुठे? माझा आवाजच असा आहे. तू आधी पायरीवर बस बघू… बसलीस? आता ऐक. माझा तो जिओकॅश… तेच ते, दाजी ज्याला 'कचरा लपवणं' म्हणतात. अगं, डबा लपवायचा, जागेचा ठावठिकाणा फोनवर टाकायचा, अनोळखी माणसं शोधत येतात, आतल्या कागदावर सही करतात आणि डबा पुन्हा तिथेच ठेवून जातात… का म्हणजे? 'का' विचारणाऱ्यांसाठी तो खेळच नाही.

तर माझे डबे टिकत नव्हते. बिस्किटांचा पत्र्याचा डबा गंजला. मुरंब्याच्या बरणीत झाकणातून पाणी गेलं. तिसऱ्यांदा घट्ट मिटणारी पिशवी ठेवली, ती उंदराने खाल्ली, कागदासकट. एका माणसाने तर फोनवर शेरा लिहिला, 'लगदा सापडला, धन्यवाद.' आणि परवा खेळ चालवणाऱ्यांचा निरोप आला, पुन्हा कागद ओला निघाला तर जागा कायमची बंद… 'होऊ दे बंद' काय? ताई, मी गिटार सोडली, पोहणं सोडलं, नोकऱ्या सोडल्या. मी सुरू केलेली आणि अजून जिवंत असलेली ही एकच गोष्ट आहे!

म्हणून मला डबा असा हवा होता, की चारी बाजूंनी खटके, आतून रबराची कड, झाकण… हो. निळं झाकण… हो, तुझाच. जेवणाचा… अगं, ऐक ना! हा तुझ्या निवडीचा गौरव आहे!

मग सकाळी तुझ्याकडे आलो होतो ना, तेव्हाच बादलीत बुडवून बघितला, तर तो बुडेचना! हवाबंद डबा तो, तरंगणारच. आत काहीतरी वजन हवं. हाताशी जे जड सापडलं ते… हो. बेडूक… हो गं, किल्लीसकट. मला त्या वेळी नुसता बेडूकच दिसत होता. डबा पास झाला, त्या आनंदात कागद टाकला, पेन्सिल टाकली, बेडूक काढायचा राहिला आणि नेऊन लपवला.

हळू गं, काकांनासुद्धा ऐकू जातंय!…

मी कसा येऊ? मालक बाहेर गेलेत आणि काकांच्या डोळ्यांत मी आत्ताच थेंब घातलेत. तूच जा. जवळच आहे, कालव्यावरचा छोटा पूल. खाली उतरलीस की डाव्या हाताला वाया गेलेला सिमेंटचा पाइप आहे, त्यात विटेच्या मागे. चाल तू, मी फोनवर आहे… भाजीची पिशवी? राहू दे हातात.

काका, खालची ओळ वाचा… अंदाजाने नको, दिसेल तेच वाचा… काय? हो, माझी बहीण. नाही, अजून सापडली नाही… किल्ली म्हणतोय मी, बहीण सापडलेली आहे.

पोचलीस? छान… कोण बसलंय? टोपीवाले गृहस्थ?… मांडीवर निळ्या झाकणाचा… ताई! पहिला माणूस आला! माझ्या डब्याला माणूस आला! त्यांना विचार, कागद कोरडा आहे का?… किल्लीचं नंतर गं, आधी कागद!… 'ठणठणीत कोरडा' म्हणाले? त्यांच्याच शब्दांत? काका, ठणठणीत कोरडा!… अभिनंदनाबद्दल आभार, काका.

हां, आता किल्ली… नाहीये? नीट बघ… शिट्टी? कसली शिट्टी?

अरे देवा. ताई, तसा नियम आहे. आतलं काही आवडलं तर घ्यायचं आणि त्याच्या तोलाचं दुसरं काही ठेवायचं. त्यांनी बेडूक घेतला, शिट्टी ठेवली. ते चोर नाहीत, उलट फार सज्जन माणूस आहे… त्यांना सांग ना, किल्ली आमच्या घराची आहे… नियमाप्रमाणेच देणार म्हणतात? शिट्टी परत नको, त्यांना कंटाळा आलाय तिचा?… मग तू काहीतरी तोलाचं दे. काय आहे जवळ?… कोबी. दे ना कोबी!… अगं, मी गंभीरपणेच बोलतोय. विचारून तर बघ.

…

घेतला? नुसता घेतला नाही, हातात तोलून घेतला? म्हटलं ना, सज्जन माणूस!… मिळाली किल्ली? बेडकासकट? हुश्श. काका, मिळाली! काका, हनुवटी!

आता कागदावर सही कर. कर ना गं… नुसतं 'ताई' लिही, चालेल. आणि डबा विटेच्या मागे… काय? पिशवीत घातलास?

थांब, थांब. तोंडी नको, मी रीतसरच मांडतो. प्रति, माननीय मोठी बहीण. विषय, निळ्या झाकणाच्या डब्यास पुलाखाली कायम मुक्कामाची परवानगी मिळणेबाबत. महोदया, सदर डब्याने आजच्या पाहणीत कोरडेपणा सिद्ध केला असून… हसू नकोस, ऐक… तरी आपण सदर डबा आहे त्या जागी सन्मानपूर्वक ठेवावा, उद्यापासून आपले जेवण रुमालात बांधून न्यावे आणि गेलेल्या कोबीबद्दल अर्जदारास जबाबदार धरू नये, ही नम्र विन… हॅलो?

ताई?… हॅलो?