जहाज माझ्यासाठी थांबलं

...नव्हता हो, नव्हता स्विमिंग पूल! नाचायचा हॉल नव्हता, जुगाराची मशिनं नव्हती, काचेची लिफ्टही नव्हती, कारण लिफ्टनं जावं इतके मजलेच नव्हते. आमच्या नणंदबाई त्या मोठ्या क्रूझवर जाऊन आल्यापासून घरी येणारा प्रत्येक जण मला हेच विचारतो, जशी काही मी समुद्रावर नाही, लग्नाचा हॉल बघायला गेले होते! तक्रार नाही करत मी, सांगते नुसतं.

तर आमचं जहाज एवढंसं. चार जेवणं झाली की सगळ्यांना सगळ्यांची दुखणी पाठ. कप्तान जिथून जहाज चालवतो तिथं खुशाल जाऊन उभं राहायचं. आमच्या ह्यांनी जन्मभर बस चालवलेली, त्यामुळे हे दिवसभर तिथंच, कप्तानाला वळणं सांगत. आणि वेळापत्रक? उद्या कुठं जायचं विचारलं की कप्तान म्हणायचा, वारा ठरवेल. एकदा तर देवमासा दिसला म्हणून भर नाश्त्यात जहाजच वळवलं, माझा चहा शेजारणीच्या मांडीवर... तक्रार नाही हं, सांगते नुसतं.

बरं, किनाऱ्याला लागायचं तर तिथं धक्का नाही, बंदर नाही. शिडीवरून रबरी होडीत उतरायचं, आणि होडीतून थेट गुडघाभर पाण्यात. आणि माझे तर दोन्ही गुडघे बदललेले! निघताना मुलगा म्हणाला होता, "आई, तू आपली खिडकीतून बघ." आम्हाला उतरवणारी उंच बाई, तिला मी 'कडकबाई' म्हणायची, तीही माझी चाल बघून म्हणाली की जहाजावर थांबलात तरी चालेल. हे लगेच, "राहू दे ना." मी म्हटलं, "नवे गुडघे काय कपाटात ठेवायला घेतलेत?" आणि उतरले. पाणी असं गार, की गुडघे माझे आहेत का डॉक्टरांचे तेच कळेना.

वाळूवर सील पसरलेले, लोळत. कडकबाईंनी बजावलेलं, प्राण्यांच्या जवळ जायचं नाही. पण तो नियम आम्हाला सांगितलेला, त्यांना कुठं? एक पिल्लू आलं घसरत घसरत, माझ्या गमबुटावर हनुवटी टेकली आणि झोपलं. घोरायला लागलं हो! बाकीचे एकेक होडी करून परत गेले. वारा वाढला. कप्तान वॉकीटॉकीवरून बोलावतोय, माझे गुडघे ठणकतायत, कडकबाई हळूच म्हणतायत की सहन होत नसेल तर पाय अलगद काढून घ्या. मी म्हटलं, नाही काढणार. जन्मात माझ्या पायाशी कुणी इतकं निवांत झोपलेलं नाही.

तेव्हा होडीपाशी थांबलेले हे आले. शेजारी उभे राहिले, खांदा दिला. आता हे कोण? तर मी डबा घेऊन धावत येतेय, आरशात दिसतेय, तरी बस सोडणारे! त्यांनी कडकबाईंकडून वॉकीटॉकी मागून घेतला आणि म्हणाले, "कप्तानसाहेब, एक प्रवासी चढायचा राहिलाय. गाडी सोडू नका."

आणि थांबलं जहाज. माझ्यासाठी! नणंदबाई तिकडे पर्स घेत बसल्या, जरासा उशीर झाला, तर त्यांचं ते काचेच्या लिफ्टचं जहाज त्यांच्या डोळ्यांदेखत निघून गेलं. हे नाही सांगितलं ना त्यांनी तुम्हाला? सांगतील कशाला.

पिल्लू उठलं, माझ्या बुटावर शिंकलं आणि गेलं. मला दोघांनी उचलून होडीत ठेवलं. वर पोहोचले तर कुणीच जेवलेलं नाही, सगळे माझी वाट बघत बसलेले. आयुष्यभर मीच थांबले हो सगळ्यांसाठी जेवायची. त्या रात्रीचं सूप खारट होतं की माझ्याच डोळ्यांचं पाणी त्यात पडलं, कुणास ठाऊक... तक्रार नाही, सांगते नुसतं.

आता ह्यांना चटक लागलीय. याहून लहान जहाज शोधून काढलंय, मूठभर माणसांचं, शिडाचं. त्यावर आचारी नसतो म्हणे, स्वयंपाक प्रवाशांनीच आळीपाळीनं करायचा. मी ह्यांना विचारलं, तुमची पाळी आली की काय कराल? तर म्हणतात, "तू आहेस ना."

जाणार आहे मी. काय करता!