सहाने भागला जाणारा नंबर

भिया, तुम्ही लोक व्हीआयपी नंबर मिरवता, आमच्या काकांनी मूळ संख्या घेतली. राजेंद्र नगरला राहतात, गणिताचे रिटायर्ड मास्तर. सिमच्या दुकानात तासभर बसून स्वतःला सातने संपणारा नंबर घेतला, काकूला त्याच्यापुढचा नऊवाला. "दोन्ही कशानेच भागत नाहीत, आणि मध्ये फक्त एक संख्या. जुळ्या मूळ संख्या आहेत आम्ही," असं सगळ्यांना सांगत सुटले.

झालं काय, की दिवाळीत पाठ असलेला नंबर लावणारे नातेवाईक शेवटी सात की नऊ या घोळात नेमका मधला, आठवाला लावायला लागले. तो निघाला गौतमपुऱ्याच्या एका लसूणवाल्याचा. शेवटी त्यानेच, चुकून फोन लावलेल्या आमच्या आत्याला डायरी बघायला लावून खरा नंबर घेतला आणि काकांना फोन केला.

"मास्टरसाब, सुबह से सब पूछ रहे हैं, चकली बनी क्या. मेरे ही नंबर में ऐसा क्या है?"

काकांना इतक्या वर्षांत असं कुणी विचारलंच नव्हतं. एकदम खुलले.

"भाईसाब, ऐसे जुड़वाँ नंबरों के बीचवाला हमेशा छह से पूरा कटता है. आपका भी कटता है."

लसूणवाल्याने घरातली माणसं मोजली. "घर में हम छह ही हैं साब."

तेव्हापासून काकू लसूणवाल्याकडे पाठवायच्या चकल्या सहाच्या पटीत तळते.