तिच्या डोळ्याला पाणी आलं म्हणून

माझं नाव सुमन. माहेर धरणाच्या वरल्या अंगाला, पार डोंगरात, मोजकीच घरं हायेत वाडीत, पाऊस लागला की आमी जगापास्नं तुटल्यालं. नाचणी, वरई, करवंदं, रानातली लाकडं, असं खाऊन-विकून वाढले. शाळा चौथीपतूर. लगीन होऊन हितं पिरंगुटच्या पल्याड आले, मालक घोटावड्याच्या कंपनीत हेल्परला, एक पोरगा, एक पोरगी. पोरगी रूपाली. तिचंच सांगायचंय मला, ताई, माझं काय, माझं हुतं तसं झालं.

तर आमच्या हितं पाण्याच्या कडंला एक योगाचं केंद्र झालं. लई मोठं, कौलारू खोल्या, हिरवळ, तळी. म्या तितं भाकरी थापायला लागले. पुण्याचं लोक शनिवार-रविवार गाड्या घिऊन येत्यात, बावधनचं, हिंजवडीचं, आन् बाहेरच्या देशाचं गोरं लोक महिना महिना ऱ्हात्यात. चुलीवरची भाकरी म्हणली की समदी मोबाईल घिऊन चुलीम्होरं, पर फोटोत हात तेवढं घेत्यात, तोंड न्हाई. एक बाई तर म्हणली, मावशी जरा मागं सरका, सावली पडतीये. माझ्याच चुलीवर माझी सावली पडत व्हती!

गेटावरचा वाचमन आमच्याच गावचा, चुलत दीर लागतो माझा. मी घरी निघाले की पिशवी उघडून दावायची, त्याला बी लाज वाटायची, पर त्याला तसं सांगितल्यालं. आन् गोरा माणूस आला की हा उठून सलाम ठोकणार, मंग तो माणूस बिनचपलीचा, फाटक्या बनेलात का असंना. काय सांगू तुमाला, आमच्यातला कुणी तसा गेटावर आला आसता तर हाकलून दिला आसता.

तर रूपाली. पोरगी बारावी झाली, कॉलेजात असताना तिला योगाचं याड लागलं. पहाटं उठून अंगणात चटई टाकायची, मालक म्हणायचं काय डोक्यावर उभी ऱ्हातीस, लगीन कोण करंल. पर तिनं पुण्यात जाऊन त्याचा कोर्स केला, सरटिफिकेट आणलं, आन् केंद्रात सकाळचा क्लास तिला मिळाला. दोन वर्सं तिनं शिकवलं. म्या खिडकीतनं बघायची, पीठ मळता मळता, मोठमोठं सायबलोक तिच्या एका शब्दावर हात वर करायचं, हात खाली करायचं. लई बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मंग ती एमा आली. पाव्हणी म्हणून आली, कुटल्या तरी थंडीच्या देशाची, पंचवीस-सव्वीसची आसंल, सोन्यावाणी केस, हसरी. वाईट न्हाई बरं का ती, मला नमस्ते सुमनजी म्हणायची. गोव्याला कुटंतरी महिनाभराचा कोर्स करून आल्याली. हितं रमली, ऱ्हायली. आन् एक दिस मॅनेजर रूपालीला म्हणतो, उद्यापास्नं क्लास एमा मॅम घेतील, तू असिस्ट कर. का म्हणून इचारलं तिनं. तर म्हणतो, आगं तुझं काम चांगलंच हाय, पर लोक फोन करून इचारत्यात फॉरेनर टीचर हायेत का, फोटोत बघायला बरं दिसतं, तू समजून घे. म्हंजी आमचा योग, आमचं गाव, आन् शिकवायला गोरी बाई पायजे, आन् ते बी कुणाला, तर आपल्याच लोकांला! गोऱ्यांनी मागितलं न्हवतं, ताई. बावधनच्या लोकांनी मागितलं. ह्येचाच मला जास्त राग हाय.

तवापास्नं रूपाली चटया गुंडाळायला. आन् नऊवारी नेसून गेटावर पाव्हण्यांला कुक्कू लावायला. मी म्हणलं सोड. ती म्हणली, आई, सोडलं तर क्लास कायमचा गेला.

त्या रविवारी पुण्याकडच्या सूसच्या एक मॅडम आल्या व्हत्या, नवऱ्यासंगं. रूपालीच्या जुन्या क्लासातल्या, वळखीच्या. त्यांनी तिला आधीच सांगितल्यालं, माझी मान दुखती, मला जपून घे. आन् एमा त्यांला डोक्यावर उभी करायला लागली. रूपाली म्हणली, नको, त्यांला मानेचा त्रास हाय, इंग्रजीत म्हणली, ऐकून ऐकून एवढं कळतं मला आता, मी भाकऱ्या वाढायला टेबलापाशी व्हते, माझ्या कानानं ऐकलं. एमा हसली, काळजी करू नको म्हणली, आन् पाय धरून वर ढकललं. बाई वाकडी झाली आन् आडवी पडली. अशी किंचाळली की मी हातातलं ताट टाकून पळाले.

आता ऐका, ताई. बाई खाली पडल्याली, नवरा तिच्यापाशी, आन् एमा दोन्ही हात तोंडावर घिऊन रडायला लागली. हुंदके देऊन. झालं! अर्धं लोक तिच्याकडं. कुणी पाणी आणलं, कुणी पाठीवरनं हात फिरवतंय, इट्स ओके, इट्स ओके. मॅनेजर पळत आला तो आधी तिच्यापाशी. पडलेल्या बाईचा नवरा, त्यो बी म्हणतोय, मॅम, प्लीज डोंट क्राय. बायको त्याची भुईवर!

आन् माझी पोरगी त्या बाईची मान दोन्ही हातानं धरून बसल्याली, हलू देऊ नका, उचलू नका, गाडी आणा म्हणून सांगतीया. तिच्या डोळ्यात टिपूस न्हाई, तिला रडायला सवडच न्हवती. तर मागनं एकजण काय म्हणला म्हायतीये? बघा, हिला काही वाटतंय का. ही असिस्टंट ना, हिनं लक्ष द्यायला नको?

माझ्या अंगाचा जाळ झाला. म्या म्हणलं, ती पडली तवा पाय कुणाच्या हातात व्हतं ते इचारा की. मॅनेजर म्हणला, सुमनताई, तुम्ही किचनमध्ये जा. म्या म्हणलं जाते, चूल माझीच हाय, पर आधी सांगा पाय कुणाच्या हातात व्हतं. समद्यांनी बघितल्यालं आन् समदी पायाखालचं गवत बघत बसली. एकजण म्हणला, गावच्या लोकांचं हे असंच असतं.

सांजच्याला एमा सैपाकघरात आली. रूपालीचं दोन्ही हात धरलं, परत रडली. चूक माझी, तू सांगितल्यालं, सॉरी. रूपाली म्हणली, मला कशाला सांगतीस, हे तितं समद्यांम्होरं सांग. व्हय व्हय, उद्या सांगते म्हणली. त्यो उद्या काय आला न्हाई.

दुसऱ्या दिशी मॅनेजरनं रूपालीला बोलावलं. मॅमला तू नीट सांगितलं न्हाईस. सांगितलं व्हतं म्हणली. तर म्हणतो, मॅम कशाला खोटं बोलतील? म्हंजी खोटं बोलायला आमीच जन्माला आलोय! माफी माग म्हणला, मंग चटयांचं काम ऱ्हाईल. पोरीनं माफी मागितली न्हाई. ती भाईर पडली तशी म्या बी पिठाची परात तशीच ठिवली आन् निघाले. गेटावर दिरानं पिशवी बघितली न्हाई त्या दिशी. मान खाली घालून उभा व्हता.

मी म्हणलं रूपे, आपण सूसला जाऊ, त्या मॅडम तरी खरं सांगतील. गाडीवर गेलो. मोठी सोसायटी, गेटावर आमचा फोटो काढला, कुटं चाललात, कुणाकडं, कशाला. वर गेलो तर मॅडम गळ्याला पट्टा लावून बसल्याल्या. चांगल्या बोलल्या. म्हणल्या, रूपाली, मला माहितीये, तूच नको म्हणालीस, डॉक्टर म्हणाले मान धरली ते बरं केलं. मी म्हणलं, मंग मॅडम, एक फोन करा मॅनेजरला, एवढंच. तर नवऱ्याकडं बघितलं त्यांनी. त्यो म्हणतो, जाऊ द्या ना मावशी, ती बिचारी एवढ्या लांबून आली आपल्या देशात, तिला किती वाईट वाटेल, आपली काय इमेज राहील. म्या म्हणलं, आन् ही कुटनं आली? ही जवळनं आली म्हणून हिला वाईट वाटत न्हाई व्हय? मॅडमनं चहा म्होरं सरकवला. आमी न्हाई घेतला.

परत येताना, नांद्याच्या रस्त्याला, मी मागं बसल्याली, तर पोरीचं खांदं हालायला लागलं. गाडी चालवत, हेल्मेटाच्या आत रडत व्हती. कुणी इट्स ओके म्हणाया न्हवतं. मीच हात ठिवला पाठीवर, गाडी थांबव म्हणलं तर थांबवली बी न्हाई.

मॅडमचा फोन काय गेला न्हाई कधी. एमा अजून बी तितंच शिकवती.

रूपाली आता घोटावड्यात, एका दुकानाच्या वरच्या खोलीत क्लास घेती. कंपनीतल्या बाया येत्यात, उभ्यानं काम करून पाठी मोडल्याल्या. मी कंपनीच्या कँटीनला भाकऱ्या देते. भागतंय. पर राग गेला न्हाई माझा, ताई, आन् घालवायचा बी न्हाई मला. गोऱ्यांचा राग म्हणाल तर तसा न्हाई, ते आलं, गेलं. पर गोरं दिसलं की आपल्या माणसाचा कणा आपसूक वाकतो, त्यो मला बघवत न्हाई. पोरीला बघाया आली व्हती माणसं मागं. नवऱ्यामुलाची आई म्हणली, नाकीडोळी छान हाय, रंग तेवढा... म्या म्हणलं, पोहं खाऊन घ्या आन् उठा.

आता गेल्या महिन्यात माझ्या पोराला मुलगी झाली. बायका येत्यात बघाया, दुपटं सारून आधी कानाच्या पाळ्यांचा रंग बघत्यात, म्हणत्यात व्हईल हो उजळ, साय-हळद लावत जा. म्या समद्यांला दारातच सांगते, साय आमी खातो, लावत न्हाई. ही बघा, झोपलीया. हात लावा की, ताई, लावा, लई मऊ हाय. बाळे, कुणाम्होरं बी मान खाली घालू नगंस, आन् कुणाची मान बी मोडू नगंस. एवढंच मागणं हाय.