बातमी पुढे गेली, माणसं मागे राहिली

शुक्रवार, सकाळचे सात, लिंबागणेशचं बसस्टँड.

वार, वेळ, ठिकाण. बातमीत असंच लिहितात आणि मीही तसंच लिहिलं होतं! चूक कुठंय त्यात? दाखवा ना! तीस वर्षं बीड जिल्ह्यात बातमीदारी करतोय. पाणीटंचाई, वाळूउपसा, सभापतींचा सत्कार, सगळं आतल्या पानात, खाली डाव्या कोपऱ्यात, मूळव्याधीच्या जाहिरातीला टेकून! आणि आयुष्यात पहिल्यांदा पहिल्या पानावर नावासकट बातमी आली, तर अख्खा तालुका मलाच हसतोय! तुम्हाला सांगतो, बातमी खरी होती. माणसंच मागे राहिली!

माणसं कोण? इंगा आणि योनास. नवरा-बायको, देश एस्टोनिया. कुठं आहे म्हणून मला विचारू नका, मीही नकाशात शोधलाय. तीन वर्षं सायकलवर जग फिरत होते बिचारे. लिंबागणेशला गणपती बघायचा म्हणून एका रात्रीपुरते थांबले आणि सकाळी उठून बघतात तर कोरोनानं देश बंद! एका रात्रीचा मुक्काम दीड वर्ष चालला! कुठं? राधाकिशन आणि छबुबाई या शेतकरी नवरा-बायकोच्या वरच्या खोलीत. इंगा भाकरी थापायला शिकली, योनास कापूस वेचायला शिकला, आणि शेतातून येताना इंगा सायकलची घंटी वाजवायची ती इतकी, की छबुबाई ती ऐकूनच तवा चुलीवर टाकायची.

मग एकदाचे निर्बंध सैल झाले. देवळं उघडली, विमानं सुरू झाली, यांना तिकिटं मिळाली, शुक्रवारी रात्रीची, मुंबईहून. तिकडे इंगाचा म्हातारा बाप एकटाच, रोज फोनवर एकच प्रश्न: निघालीस का? हे विमान चुकलं तर पुढचं कधी, ते विमानवाल्यांनाही ठाऊक नव्हतं.

आता आमचे संपादक. गुरुवारी संध्याकाळी फोन. "उद्याचा निरोप आजच पाठवा हो! परवा छापला तर शिळा होईल!" आता पान संध्याकाळी सुटतं आणि माणसं सकाळी, याला मी काय करू? लिहून दिलं. ‘परदेशी पाहुण्यांना साश्रू नयनांनी निरोप. छबुबाईंना अश्रू अनावर.’ तीस वर्षांच्या अनुभवावर लिहिलं, साहेब! निरोप म्हटला की अश्रू अनावर होणारच!

तर सकाळी सात. अमरसिंहांची जीप उभी, टपावर दोन्ही सायकली बांधलेल्या. अमरसिंह म्हणजे आमचे भावी जिल्हा परिषद सदस्य. गेली पंधरा वर्षं भावीच आहेत. त्यांनी फ्लेक्स लावलेला, त्यावर स्वतःचा फोटो खताच्या पोत्याएवढा आणि इंगा-योनास खाली, शर्टाच्या बटणाएवढे. आणि चहावाला त्रिंबक, हातात ताजा पेपर, मोठ्यानं वाचतोय: "‘गाडी दिसेनाशी होईपर्यंत गावकरी हात हलवत होते...’ ओ पत्रकार! गाडी तर समोरच हाय की! आमी हात कव्हा हलवायचे?"

मी म्हटलं, "थांब रे, पाच मिनिटांत निघतायत!" आणि तेवढ्यात योनास खिसे चाचपायला लागला. हा खिसा, तो खिसा, पिशवी... चेहरा पांढराफटक. आधीच गोरा, त्यात पांढरा! पासपोर्ट नाहीत! दोन्ही!

आणि छबुबाई? अश्रू? छे हो! दात काढून हसतेय! "घाबरू नगं लेकरा, म्या ते पुढं धाडलेत."

"पुढं म्हणजे कुठं?"

"गुरुलिंगअप्पाच्या दुकानात. आज शुक्रवार, मंबई मावळतीला. शुक्रवारी मावळतीकडं कुनी निघतं का? म्हनून कालच प्रस्थान ठिवलं. तांदूळ, सुपारी अन् ती लाल पुस्तकं, फडक्यात बांधून!"

प्रस्थान माहितीय ना? दिवस वाईट असला, की जाणाऱ्याची एखादी वस्तू आदल्या दिवशी दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरायचं. वस्तू पुढे, माणूस मागून. पण पासपोर्ट? मी म्हटलं, "अहो, रुमाल ठेवायचा, टोपी ठेवायची!"

"जीव अडकलेली वस्तू लागती, पत्रकार. हे लेकरू दीड वरीस रोज तीच उघडून बघतंय!"

यावर बोला! बोला काय बोलायचं ते! धावलो दुकानाकडे, तर दाराला कुलूप. देवळं कालच उघडलेली, त्यामुळे गुरुलिंगअप्पा घरदार घेऊन पहाटेच कपिलधारला, स्वामींच्या समाधीच्या दर्शनाला! फोन लावला, तर संपर्क क्षेत्राच्या बाहेर. तिथल्या दरीत रेंज कुठली? तिकडे इंगाच्या फोनवर बाप. इकडे अमरसिंह: "तवर सत्कार उरकून घ्यावा का? हार सुकायलेत." आणि मधूनच ड्रायव्हरवर: "कावून थांबला बे, गाडी चालू कर!" आणि त्रिंबक पुन्हा पहिल्यापासून वाचतोय! मी ओरडलो, बातमी खरी आहे, माणसंच मागे राहिलीत!

जीपमध्ये तिघं बसलो. छबुबाई म्हणाली, "तिकडूनच पुढं जावा. निघाल्यावर माघारी फिरू नये." इंगा तिच्या गळ्यात पडायला गेली, तर तिनं भाकरीचं गाठोडं मध्ये घातलं. "जा जा, इमान न्हाई थांबायचं!"

कपिलधारला काय गर्दी! दीड वर्षाचे नवस एकाच दिवशी फेडायला आलेले! धबधबा ऐन जोरात, त्याच्या आवाजात मी बोंबलतोय, "अप्पाऽऽ! पासपोर्टऽऽ!" आणि दर्शनाच्या रांगेतून गुरुलिंगअप्पा शांतपणे बाहेर येतात, कपाळभर भस्म, हातात तेच फडकं!

"दुकानात ठिवलं असतं तर प्रस्थान कुलपातच बसलं असतं की. म्हनलं लेकरं लई लांब चाललेत, स्वामींच्या समाधीला टेकवून आनावं."

पासपोर्ट उघडला. योनासच्या फोटोच्या कपाळावर भस्माची तीन बोटं! मी म्हटलं, "अप्पा, विमानतळावर विचारतील ना हे काय म्हणून!"

"सांगावं त्यानला, आमच्याकडला शिक्का हाय."

मग निघाले दोघं. ना फ्लेक्स, ना हार, ना गावकरी. अप्पा पुन्हा रांगेत गेले, हात हलवायला मी एकटा. इंगानं वाकून नमस्कार केला आणि... धूळ हो! जीपची धूळ गेली डोळ्यात! अश्रू अनावर झाले ते माझे, आणि छापून आले छबुबाईच्या नावावर! टपावरच्या सायकलीला घंटी नव्हती, तेवढं मात्र दिसलं. ओरडून विचारलं, तर इंगा नुसतीच हसली.

विमान मिळालं. बापलेकीचा फोटोही आला. पण संपादक? "खुलासा द्या!" म्हणे. कसला खुलासा? मी सांगितलं, "साहेब, बातमी पुढे गेली, माणसं मागून गेली. आमच्याकडे याला प्रस्थान म्हणतात!" फोन ठेवला त्यांनी. आदळला असावा.

पण त्या शुक्रवारीच संध्याकाळी मी लिंबागणेशला परतलो होतो, गाडी गेली हे सांगायला. छबुबाई वरच्या खोलीत एकटीच. समोर कोनाड्यात एक फडकं. सोडलं तर त्यात तांदूळ, सुपारी आणि सायकलची घंटी! छबुबाईनं ती एकदाच वाजवली. राधाकिशन खालून ओरडला, "आली का गं ती?"

"यायला निघालीया!" छबुबाई म्हणाली. मग माझ्याकडे वळून हळूच, "पत्रकार, प्रस्थान किती दिस चालतं हो?"

मी गुरुलिंगअप्पांना विचारलं. ते म्हणाले, जाणत्याला विचारतो. त्याला आता बऱ्याच दिवाळ्या झाल्या. घंटी कोनाड्यातच आहे, छबुबाई दर सणाला तांदूळ बदलते. आणि मी? मी बातमी लिहून ठेवलीय: ‘परदेशी पाहुणे लिंबागणेशला परतले. छबुबाईंना अश्रू अनावर.’ वेळ टाकलीय, ठिकाण टाकलंय. वार कोणता टाकायचा, ते अजून कोणी सांगितलेलं नाही.