ओपलच्या नाकातला वाटाणा

बाळाला मांडीवर झोपवून मी अमेरिकेतल्या टोलेडो शहरातल्या आमच्या दवाखान्यात नंबराची वाट पाहत होते. समोरच्या बाकावर एक बाई आपल्या छोट्या मुलीला घेऊन बसल्या होत्या. अर्धवट उघड्या काचेपलीकडे डॉक्टर हॅलोरन आणि त्यांची बिलं सांभाळणाऱ्या मार्व्हाबाई बोलत होते.

"डॉक्टर, विमा कंपनीनं पुन्हा पैसे नाकारले. म्हणे, छोट्या ओपलच्या नाकातला वाटाणा काढणं गरजेचं नव्हतं."

"मग काय, शेंगा येईपर्यंत थांबायचं होतं?"

"अपिलात तुम्ही हेच लिहिलंत."

"आता?"

"आता बाहेरच्या तटस्थ डॉक्टरांकडे दाद मागू. त्यांचा निकाल कंपनीला मानावाच लागतो. फक्त ओपलच्या आईची सही हवी."

"बोलवून घ्या त्यांना."

"त्या बाहेरच बसल्यात, ओपलला घेऊन."

"का?"

"आज वाटाणा दुसऱ्या नाकपुडीत आहे. आधी कंपनीची परवानगी मागू?"

"मागा. तोवर मी चिमटा आणतो."